एनएलपीचा कोर्स करून नऊ महिने झाले: काय कामाला आलं, काय सोडून दिलं

कोर्स झाल्या झाल्या लिहिणार होते पण मुद्दाम थांबले, कारण शेवटच्या दिवशी हॉलमधून बाहेर पडताना सगळ्यांनाच भारी वाटत असतं, टाळ्या झालेल्या असतात, दोन-चार जण रडलेले असतात, त्या भरात लिहिलेलं काही खरं नसतं. आता नऊ महिने रोज वापरून झालंय, तर सांगते.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात परचेसला आहे, 14 वर्षं झाली. मागच्या वर्षी टीम लीडर केलं आणि दर महिन्याला मॅनेजमेंटसमोर उभं राहून रिव्ह्यू द्यायचं काम अंगावर आलं. आदल्या रात्री झोप नाही, बोलायला लागलं की आवाज कापायचा, आणि तो सगळा ताण घरी लेकीच्या अभ्यासावर निघायचा. ते जास्त लागायचं मनाला. मैत्रिणीने हा कोर्स सुचवला, दोन वीकेंड, फी 18,000, भरली.

एनएलपी म्हणजे न्यूरो लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, बोलण्याच्या आणि विचार करण्याच्या सवयी बदलून वागणं बदलायची एक पद्धत. (कॉम्प्युटरवाल्यांचं एनएलपी वेगळं, सर्च केलं की दोन्ही एकत्र येतं म्हणून सांगितलं.) 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात रिचर्ड बँडलर हा विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक, ह्या दोघांनी ते सुरू केलं. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सटायर, मिल्टन एरिक्सन हे तेव्हाचे नावाजलेले थेरपिस्ट, त्यांच्यासमोर बसलेली माणसं बदलतात तर हे लोक नेमकं बोलतात कसं, हे त्यांनी बारकाईने बघितलं. मला ही सुरुवात अजूनही आवडते. चांगलं काम करणाऱ्या माणसाशेजारी बसून त्याचं बोलणं टिपून घ्यायचं, आमच्याकडे नवीन पोरांना आम्ही असंच तर शिकवतो.

सगळ्यात जास्त कामाला आलं ते मेटा मॉडेल. माणूस बोलतो तेव्हा वाक्यातून जे गळून जातं ते प्रश्न विचारून परत आणायचं, एवढंच. ट्रेनरनी उदाहरणं सगळी इंग्लिश दिली, नेहमी, कधीच, सगळे असे शब्द आले की तिथे थांबा आणि विचारा म्हणाले, ते पटलं. पण घरी येऊन वहीत मी आपली रोजची मराठी वाक्यं लिहायला घेतली तेव्हा वेगळंच दिसायला लागलं, की आपल्या बोलण्यात करणारा माणूसच सापडत नाही. राहून गेलं. होऊन जाईल. जमेना. मटेरियल निघालंय. कोणी काढलं, कुठून निघालं, पत्ता नाही. आणि राग येतो, भीती वाटते, कंटाळा येतो, सगळं बाहेरून आपल्यावर येतं. भाषेचा दोष नाही हा, मला ती तशीच आवडते, फक्त 'होऊन जाईल मॅडम' ह्या एका वाक्याच्या भरवशावर आमची प्रोडक्शन लाइन किती वेळा बंद पडली ते मला माहीत आहे.

आता काय करते सांगते. गुरुवारी सप्लायरचा फोन, सोमवारपर्यंत होऊन जाईल. मी विचारते, प्लेटिंगला कोणाकडे दिलंय? तिथून परत कधी येणार? गाडी कोण भरणार? तिसऱ्या प्रश्नापर्यंत बऱ्याचदा तोच म्हणतो थांबा, प्लेटिंगवाल्याला विचारून सांगतो, आणि दहा मिनिटांनी कळतं की सोमवार शक्यच नव्हता. पूर्वी हे मला सोमवारी दुपारी कळायचं, आता गुरुवारी कळतं, मधल्या तीन-चार दिवसांत दुसरी काहीतरी सोय करता येते. 18,000 मधले निम्मे पैसे मी ह्या एका गोष्टीचे धरते.

दुसरं, 'का' विचारू नका असं कोर्समध्ये सांगितलं होतं, ते मराठीत तर फारच खरं आहे. 'का नाही झालं?' हा प्रश्नच नसतो, ते रागावणं असतं, समोरचा लगेच कारणं द्यायला लागतो. त्याऐवजी मी 'कुठे अडलं?' विचारते. लेक सहावीत आहे, तिचं चालू असायचं की मला गणित येतच नाही, आणि मी ओरडायचे, ती रडायची. एकदा शांतपणे म्हटलं, कुठे अडतं ते दाखव. तर अपूर्णांकांची बेरीज, त्यातही छेद वेगळे असले तरच, त्यातही लसावि काढताना. म्हणजे 'गणित येत नाही'च्या पोटात एवढी एक पायरी होती. पंधरा दिवस रोज चार-चार उदाहरणं केली, सुटलं. ह्या मुलीला मी दीड वर्ष ओरडत होते.

पण हे प्रश्न सगळीकडे चालत नाहीत हेही लिहिते. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं की तुझ्या प्रश्नांचा त्रास होतो गं, मी नुसतं मन मोकळं करत असते. तेव्हापासून घरात आधी ऐकते, विचारायचं असलं तर नंतर.

आता जे सोडलं ते. डोळ्यांचा तक्ता. बोलताना माणसाचे डोळे त्याच्या डावीकडे वर गेले तर तो आठवतोय, उजवीकडे वर गेले तर मनाने चित्र बनवतोय, आणि म्हणून खोटं पकडता येतं असं आम्हाला शिकवलं. मी ते खरं मानलं. अंबडचे एक वयस्कर सप्लायर आहेत, उशीर झाला म्हणून स्वतः भेटायला आले, ट्रान्सफॉर्मर जळला म्हणाले, आणि मी त्यांचे डोळे बघत बसले. काका रचून सांगताहेत असं वाटलं मला. अर्धी ऑर्डर दुसरीकडे वळवली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शेडवर गेले तर खरंच दोन दिवस लाइट नव्हती, शेजारच्या तीन युनिट्सनापण नव्हती. माफी मागितली त्यांची. ते काही बोलले नाहीत, चहा मागवला. मला अजून त्याचं वाईट वाटतं. नंतर वाचलं तर 2012 मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी हे तपासून प्रसिद्ध केलं होतं, खोटं बोलण्याचा आणि डोळे कुठे जातात ह्याचा काही संबंध सापडला नाही. म्हणजे मी कोर्सला बसले त्याच्या कितीतरी आधी. जी गोष्ट तपासून चुकीची ठरलीये ती पैसे घेऊन शिकवू नये, ह्यावर मी ठाम आहे. तेच 7, 38, 55 टक्क्यांचं, की बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55. मेहराबियन ह्या मानसशास्त्रज्ञांचे ते प्रयोग भावना आणि आवडनिवड कळण्यापुरते होते, सगळ्या बोलण्याला तो आकडा लावताच येत नाही.

अँकरिंगचं मत मिश्र आहे. शाळेत खो-खोची मॅच जिंकलो होतो तो क्षण डोळ्यासमोर आणायचा आणि अंगठा-मधलं बोट दाबायचं, रोज पाच मिनिटं. करते अजून. मीटिंगच्या आधी बरं वाटतं, पण ते बोटांमुळे की डोळे मिटून श्वास सावकाश होतो त्यामुळे, मी सांगू शकत नाही. खरा फरक पडला तो ध्येय नीट लिहिण्याने. आधी लिहायचे 'घाबरायचं नाही', आता लिहिते 'पहिले तीन मुद्दे कागद न बघता सांगायचे'. हे माझ्या हातात आहे आणि झालं की नाही ते कळतं. स्विश पॅटर्नने, म्हणजे नको त्या सवयीचं चित्र मनात झटकन हव्या त्या चित्राने बदलायचं, त्याने रात्रीचा मोबाइल सुटला नाही, चार्जर हॉलमध्ये ठेवला तेव्हा सुटला.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. आमच्या बॅचमध्ये एक जण होता, महिनोन् महिने झोप नाही, जगावंसं वाटत नाही म्हणायचा. त्याला एका सेशनमध्ये मोकळा करतो असं सांगितलं गेलं. दोन दिवस बरा होता, मग पुन्हा तेच. आम्ही दोघी-तिघींनी मागे लागून त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं, औषधं चालू आहेत, आता कामावर जातोय. 2012 मध्येच ब्रिटनच्या एका वैद्यकीय जर्नलमध्ये दहा अभ्यास एकत्र करून बघितले होते, एनएलपीने तब्येत सुधारते ह्याला फारसा पुरावा निघाला नाही. तेव्हा असा त्रास असेल तर कोर्सची फी भरू नका, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फोन लावा.

पुढच्या लेव्हलसाठी फोन येतात, 45,000 सांगतात, मी नाही म्हटलं. सर्टिफिकेटला तसंही वजन नाही, एनएलपीवर लक्ष ठेवणारी एकच अशी संस्था नाही, कोणीही छापू शकतं. बॅचमधल्या आम्ही तिघी दर बुधवारी ऑफिसनंतर तासभर भेटतो आणि एकमेकींची वाक्यं तपासतो, फुकट.

आवाज पहिल्या मिनिटाला अजून कापतो, मग ठीक होतो. ह्या महिन्याचा रिव्ह्यू मंगळवारी आहे. तीन मुद्दे लिहून झालेत, चौथा राहिलाय. राहिलाय नाही, मी लिहिला नाहीये, कारण स्टोअर्सकडून स्टॉकचा आकडा मी अजून मागितलेला नाही. उद्या सकाळी गेल्या गेल्या मागते.