टांगत्या कुंडीसाठी पिटुनिया की कॅलिब्राकोआ?

नोव्हेंबर लागला की नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या नर्सऱ्यांमध्ये फेऱ्या सुरू होतात आणि ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "बाल्कनीत लोंबेल असं काय आणू?" मी उलट विचारते, झाडांना पाणी नळाचं घालणार की बोअरचं? निम्मा निकाल तिथेच लागतो.

कॅलिब्राकोआ दिसायला म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढ्या फुलांचा पिटुनियाच. पूर्वी वनस्पतिशास्त्रातही त्याला पिटुनियातच धरायचे. पण पिटुनियाची गुणसूत्रं 14, याची 18, प्रजातीच वेगळी. फुलं शेकड्याने येतात, सुकली की आपोआप गळतात. पिटुनियाची वाळकी फुलं मात्र खुडत बसावं लागतं, बोटं चिकट होतात ती वेगळीच. रूपाला माझं मत कॅलिब्राकोआलाच.

पण त्याला माती आंबटसर लागते, सामू (पीएच) साधारण 5.5 ते 6. आपली काळी माती आणि बोअरचं जड पाणी नेमकं उलट. सामू चढला की मुळांना लोह घेता येत नाही. माझ्या कुंडीत पहिले तीन आठवडे नुसती बहार होती. मग शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. नर्सरीवाल्याने सांगितलं, पाणी जास्त होतंय. मी पाणी तोडलं, तर झाड आणखीच मलूल झालं. शेवटी चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह घातलं, नवी पानं हिरवी आली, पण तोवर जानेवारी सरला होता.

म्हणून बोअर असेल तर पिटुनियाच घ्या. मातीबाबत तो एवढा नखरेल नाही. फक्त घेताना पसरणारी जात मागा, 1995 साली आलेल्या 'वेव्ह'सारखी. साधा पिटुनिया झुडपासारखा उभा राहतो, कुंडीबाहेर फारसा ओघळत नाही. अवकाळी पावसाने मोठ्या फुलांच्या चिंध्या होतात, तेव्हा कुंडी छज्ज्याखाली सरकवायची. नळाचं पाणी, कोकोपीट-गांडूळखताचं मिश्रण आणि खत द्यायची शिस्त असेल, तर कॅलिब्राकोआ जरूर करून बघा. काळी माती मात्र कुंडीत चिमूटभरही नको.

एप्रिल-मे दोघांनाही झेपत नाही. पारा 45 कडे निघाला की कुंड्या रिकाम्या करा आणि शेजारच्या काकूंकडून चिनी गुलाबाच्या चार काड्या मागून आणा. नुसत्या खोचल्या तरी लागतात.