कर्सिव्ह की सुटी अक्षरं: शाळेला आणि पालकांना ठरवायचं असेल तर

कर्सिव्ह म्हणजे इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून लिहायची पद्धत. तिची बाजू मांडणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच मेंदूवर येतो. हाताने लिहिलं की मेंदू जास्त कामाला लागतो, लक्षात जास्त राहतं, म्हणून कर्सिव्ह शिकवा. यातलं आधीचं बरंचसं बरोबर आहे. घोळ आहे तो ‘म्हणून’मध्ये.

२०२४ च्या सुरुवातीला नॉर्वेतला एक अभ्यास खूप गाजला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावले होते. त्यांनी डिजिटल पेनने जोडून शब्द लिहिले आणि तेच शब्द एका बोटाने टाइपही केले. लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधला ताळमेळ जास्त दिसला आणि लगेच ‘कर्सिव्ह जिंकलं’ अशी हाकाटी झाली. पण सुटी अक्षरं लिहिण्याची चाचणी त्यात नव्हतीच. सामना होता पेन विरुद्ध कीबोर्ड. उलट २०१२ साली मेंदूच्या अभ्यासक कॅरिन जेम्स यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास पाहा. स्वतःच्या हाताने अक्षर काढणाऱ्या मुलांमध्ये वाचनाशी संबंधित भाग जागे झालेले दिसले, टाइप करण्याने तसं झालं नाही. आणि तिथे मुलांनी काढलेली अक्षरं सुटी होती.

तेव्हा हाताने लिहायला शिकवायचं की नाही, हा प्रश्न वेगळा ठेवू. माझ्या मते त्याचं उत्तर स्पष्ट ‘हो’ आहे. वाद उरतो तो जोडून की सुटं, एवढाच.

वेगाचा मुद्दा आधी निकालात काढू. पेन उचलावं लागत नाही, म्हणजे कर्सिव्ह भरभर होणार, असं आपण गृहीत धरतो. १९९८ मध्ये संशोधक स्टीव्ह ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चौथी ते नववीच्या मुलांचं लेखन तपासलं, तेव्हा पुढे निघाली ती दोन्ही मिसळून लिहिणारी मुलं. निव्वळ कर्सिव्ह आणि निव्वळ सुटं यांच्यात सांगण्यासारखा फरक नव्हता. तुमच्या आसपासच्या मोठ्या माणसांचं लिखाण बघा, बहुतेकांचं असंच असतं. जिथे जोड सहज बसतो तिथे जोडतात, अडतं तिथे पेन उचलतात.

अडतं कुठे, तेही बघण्यासारखं आहे. कर्सिव्हमधली बहुतेक अक्षरं खालच्या रेघेवर संपतात आणि तिथूनच पुढचं अक्षर उचलतात. पण बी, ओ, व्ही आणि डब्ल्यू वरच संपतात. त्यांच्यापुढे आर किंवा एस आला की पुढच्या अक्षराची सुरुवातच हरवते आणि त्याचा नुसता एक बाक उरतो. मुलांची कर्सिव्ह वही वाचता येत नाही असं वाटलं की आधी या जागा तपासा, चूक बहुधा तिथेच सापडते. सुट्या अक्षरांत हा त्रास नाही, पण तिथे दोन शब्दांमधली जागा नीट सोडली नाही तर सगळी ओळ एकमेकांत शिरते. कर्सिव्हमध्ये निदान शब्द कुठे संपला ते कळतं.

बी आणि डी यांची अदलाबदल करणाऱ्या मुलांना कर्सिव्हचा फायदा होतो, असं अनेक शिक्षक सांगतात. कारणही पटण्यासारखं आहे. सुट्या अक्षरांत ही दोन एकमेकांची आरशातली रूपं असतात, कर्सिव्हमध्ये त्यांची सुरुवातच वेगळी होते. मात्र वाचन-लेखनात अडचण असलेल्या प्रत्येक मुलाला कर्सिव्हने मदत होतेच, एवढा भक्कम पुरावा नाही. हातावर ताबा नसलेल्या मुलाला तर ती वळणं नुसता छळ वाटू शकतात.

कर्सिव्ह शिकवलं नाही तर जुनी पत्रं, जुने दस्तऐवज वाचता येणार नाहीत, हा आक्षेप खोटा नाही. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार जुनी हस्तलिखितं वाचून उतरवायला स्वयंसेवकांची मदत घेतं आणि कर्सिव्ह वाचता येणारी माणसं त्यांना हवीच असतात. पण वाचता येणं आणि लिहिता येणं एक नव्हे. वाचण्यापुरतं कर्सिव्ह काही आठवड्यांत जमतं, त्यासाठी वर्षभर चार रेघी वह्या भरायला नकोत. सहीसाठी कर्सिव्ह लागतं, हा मुद्दा तर सोडूनच द्या. सही वाचता आली पाहिजे असंही कुणी धरत नाही.

खरी किंमत मोजावी लागते ती दोनदा शिकण्यात. बऱ्याच शाळांत मूल आधी सुटी अक्षरं शिकतं. ती हातात बसतात न बसतात तोच सातव्या-आठव्या वर्षी त्याच अक्षरांची नवी रूपं समोर येतात. फ्रान्समध्ये सुरुवातीपासूनच जोडून लिहायला शिकवतात, त्यामुळे तिथे हा सांधा बदलावा लागत नाही. फिनलंडने २०१६ पासून कर्सिव्हची सक्तीच काढली. अमेरिकेत २०१० च्या ‘कॉमन कोअर’ या शालेय अभ्यासक्रमाच्या मानकांत कर्सिव्हचा उल्लेख नव्हता, पुढे अनेक राज्यांनी ते परत आणलं आणि कॅलिफोर्नियाने २०२४ पासून पहिली ते सहावीसाठी कायद्यानेच आणलं. मला सगळ्यांत शहाणी वाटते ती जर्मन भाषक स्वित्झर्लंडमधली वाट. तिथल्या ‘बाझिसश्रिफ्ट’मध्ये अक्षरं सुट्या वळणाचीच राहतात आणि हात सरावला की सोयीच्या जागी जोडली जातात. मोठी माणसं शेवटी जिथे पोचतात, तिथूनच सुरुवात.

मग निवडायचं काय? शाळा पहिल्या वर्षापासून कर्सिव्ह घेणार असेल, रोज दहा-पंधरा मिनिटं दोन-तीन वर्षं देणार असेल आणि विज्ञानाच्या वहीतही तेच चालणार असेल, तर खुशाल कर्सिव्ह घ्या. यातलं एक जरी नसेल तर सुटी अक्षरं नीट पक्की करा, जोड आपोआप येऊ द्या आणि कर्सिव्ह फक्त वाचायला शिकवा. आठवड्याला एक तास, एक वर्ष, पुढे कुणी विचारत नाही, अशा कर्सिव्हपेक्षा ते नसलेलं बरं. त्यात गुण वळणांना मिळतात आणि परीक्षेत मूल पुन्हा सुटंच लिहितं.

प्रवेश घेताना पालकांनी ‘कर्सिव्ह शिकवता का’ असं विचारू नये, त्याला उत्तर ‘हो’च मिळतं. पाचवीतल्या एखाद्या मुलाची इतिहासाची वही बघायला मागावी.