पणजोबांच्या बंदुकीपायी 81,500 रुपये घालवले

हसायचं असेल तर आधी हसून घ्या. 81,500 रुपये गेले. काजूचे पैसे होते.

आमच्या बेळगाव पट्ट्यात घरटी एक माणूस पलटणीत. माझे पणजोबा 110व्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात अडकले, तुर्कांच्या कैदेत गेले, जिवंत परत आले. सोप्यात त्यांचा फोटो आहे. हे मी चारचौघांत सांगतो, मोबाईलच्या ग्रुपांवरही टाकतो. तिथनंच त्या बंदूक विकणाऱ्यानं मला हेरलं असणार. फोनवर म्हणाला, "काका, तुमच्या पणजोबांच्या पलटणीची 303 रायफल आहे माझ्याकडं, कूतला वापरलेली. निकामी केल्याली हाय, लायसन लागत नाही, भिंतीला लावा." किंमत 85,000.

मी काही कालचं पोर नाही. रानडुकरांसाठी वडलांच्या वेळची एकनळी घरात आहे, लायसनची. इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची, हे दरवेळचं. 303 खासगी माणसाला ठेवता येत नाही हेही माहीत होतं. पण "निकामी" म्हटल्यावर सैल पडलो. त्यात त्यानं डीपीचा ठसा दाखवला. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, कवायतीपुरती. लायसन माफ असा त्याचा अर्थ कुठंही होत नाही, हे लक्षात ठेवा.

हायवेच्या एका लॉजवर बंदूक बघितली. गोणपाटातनं काढली, तेव्हा लाकडाला तेलाचा वास. दस्त्याजवळच्या लोखंडी कड्यावर मुकुट, त्याखाली 1917. मी अंगठा फिरवला. सगळं लोखंड काळपट, झिजून गुळगुळीत, आणि तेवढ्या ठशाच्या कडा बोटाला टोचत होत्या. आजूबाजूला रुपयाएवढी जागा घासल्यासारखी चमकत होती. 7 वाकडा बसलेला. बोल्टवर एक नंबर, बॉडीवर दुसरा. मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या पट्टीवर आकडे 8 वर संपलेले. हे सगळं या डोळ्यांनी बघितलं. बघितलं आणि 21,000 रोख मोजून दिले. त्या अंगठ्याचा राग अजून जात नाही.

मग नेहमीचंच. कागदांसाठी 18,500. "निम्मे टाका, माणूस घरपोच आणून देतो", 30,000. तिसऱ्या दिवशी फोन, गाडी चेकपोस्टला धरली, माणसानं तुमचं नाव घेतलंय, मिटवायला 40,000 द्या. घाबरून 12,000 टाकले. बायकोला तोवर पत्ता नव्हता.

रात्री जेवताना पोरगा सहज म्हणाला, "पप्पा, कूत 29 एप्रिल 1916ला पडलं. 1917ची बंदूक तिथं कशी गेली?" घास तसाच हातात राहिला. आयुष्यभर ही तारीख मीच त्याला सांगत आलोय.

सकाळी शेजारच्या हवालदार मामांना मोबाईलमधले फोटो दाखवले. ते चष्मा वर करून म्हणाले, "आरं, ही पहिल्या लढाईतली न्हवंच. त्या बंदुकीची साइट 2000 यार्डांपर्यंत जाती. ही 800 मीटरची. मॅगझीन बघ की, चौकोनी, बारा गोळ्यांचं. ही इशापूरच्या कारखान्यातली टू-ए-वन रायफल, बासष्टच्या लढाईनंतरची, 7.62 गोळीची. खरं नाव घासून वर मुकुट ठोकलाय." म्हणजे नुसती खोटी नाही. हातात आली असती तर मीच आत गेलो असतो. कुणी 303 किंवा पलटणीची बंदूक म्हणालं की चहा अर्धा ठेवून उठा.

आता पोलिसांचं ऐका. आमच्या ठाण्यात म्हणाले, लॉज आमच्या हद्दीत नाही. लॉजच्या ठाण्यात म्हणाले, पैसे महाराष्ट्रातल्या खात्यात गेलेत, तिकडं जावा. तिकडचे म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले, इथं कशाला आलाय? 1 जुलै 2024पासून नव्या कायद्यानं गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. हे मी त्यांना सांगितलं तर साहेब वर बघेनात. मराठीत अर्ज दिला तर "बरदु कोडरी, कन्नडदल्ली". 200 रुपये देऊन कन्नडमध्ये लिहून घेतला, तर "नाळे बर्री", उद्या या. सहा वेळा गेलो. सातव्या वेळी एक जण हळूच म्हणाला, "303 घ्यायला गेला होता म्हणून लिहून देताय? मग पहिली केस तुमच्यावर." म्हणजे चोर मोकळा आणि मी घरी बसायचं! बँकेत तर मॅनेजर म्हणाला, तुम्हीच पाठवलेत ना, आम्ही काय करणार? सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन नंबरला फोन केला, पण चार दिवसांनी. पैसे गेल्या गेल्या लावा, लाजत बसू नका. मी लाजत बसलो, तोवर खातं रिकामं झालं होतं.

शेवटचा फोन मी त्या भामट्याला केला तेव्हा तोंडाला येईल ते बोललो. त्या भरात हेही सुनावलं की गाढवा, कूत 1916ला पडलं, 1917ची बंदूक दाखवतोस कुणाला?

परवा भाच्यानं चिक्कोडीहून एक फोटो पाठवला, "मामा, हीच काय?" तेच गोणपाट, दस्त्याची तीच उडालेली खपली. किंमत 95,000. मुकुटाखाली आता 1915.