शेव्हेलमध्ये एलएस उतरवताना चेंबर कोणतं? शेव्हरले परफॉर्मन्सच्या ‘मसल कार’ किटचं परीक्षण

ट्रकमधलं ५.३ लिटरचं एलएम७ इंजिन (जनरल मोटर्सच्या, म्हणजे जीएमच्या, ‘एलएस’ या व्ही-८ कुटुंबातलं) १९६८ ते १९७२ च्या शेव्हेल या शेव्हरलेच्या जुन्या गाडीत बसवायचं ठरवलं, की होइस्टला टांगलेलं इंजिन खाली सोडताना पहिली गाठ पडते ती चेंबरशी. इंजिनाच्या तळाशी असलेल्या या तेलाच्या भांड्याला मॅन्युअलमध्ये ऑइल पॅन म्हणतात, आपल्या गॅरेजांत चेंबर. ट्रकचं चेंबर खोल असतं आणि ट्रकला ते चालतं, कारण तिथे खाली जागाच जागा. शेव्हेलमध्ये तेच चेंबर क्रॉसमेंबरच्या (चौकटीच्या आडव्या पट्टीच्या) बरंच खाली लोंबतं, आणि पहिल्याच उंच गतिरोधकावर फुटतं. हे अॅल्युमिनियमचं ओतकाम असल्यामुळे पोचा पडून भागत नाही, सरळ तडा जातो.

मूळ जीएमच्या कपाटात पर्याय बरेच आहेत, पण प्रत्येकात काही ना काही अडतं. सी-५ कॉर्व्हेटच्या चेंबरला दोन्ही बाजूंना पंख आहेत, ते या चौकटीत मावत नाहीत. २००४ ते २००६ च्या पाँटिॲक जीटीओच्या चेंबरचं तेलाचं पोट (तेल साठणारा खोल भाग) पुढे आहे, म्हणजे नेमकं क्रॉसमेंबरवर. १९९८ ते २००२ च्या कमॅरोचं त्यातल्या त्यात जवळचं. पण फाउंडेशनच्या पट्ट्या (इंजिन चौकटीला धरणाऱ्या) किती मागे सरकवल्या आहेत त्यावर ते स्टिअरिंगच्या सेंटर लिंकला (मधल्या दांडीला) घासायचं की नाही हे ठरतं. म्हणून १९२१२५९३ या क्रमांकाचं शेव्हरले परफॉर्मन्सचं किट विचारात घ्यावं लागतं. जाणकार त्याला ‘एलएच८ चेंबर’ म्हणतात. एलएच८ हे २००८ च्या हमर एच३ अल्फामधलं ५.३ लिटरचं व्ही-८. त्या गाडीच्या अडचणीच्या जागेसाठी पोट मागे आणि पुढचा भाग उथळ अशी रचना केली गेली, आणि तीच जुन्या शेव्हरलेंना फावली.

किटमध्ये चेंबर, पॅकिंग, स्ट्रेनरची नळी (तेल पंपाकडे ओढणारी), विंडेज ट्रे (क्रँकखालचा पत्रा, जो तेल घुसळू देत नाही), डिपस्टिक (तेल मोजायची काडी), तिची नळी, फिल्टर आणि बोल्ट येतात. या किटची खरी किंमत इथे आहे. भंगारातून नुसतं चेंबर स्वस्तात मिळतं, पण ट्रकचा स्ट्रेनर त्याच्या तळाशी जुळत नाही, ट्रकचा विंडेज ट्रे नव्या नळीला आडवा येतो, आणि काडीवरची खूण चुकीची पातळी दाखवते. एकेक वस्तू शोधत बसलं, की शेवटी खर्च तेवढाच होतो आणि दोन आठवडे वाया जातात ते वेगळेच.

जुनं चेंबर काढताना त्याचं पॅकिंग रिव्हेटने चेंबरला जोडलेलं दिसेल. ते कारखान्यातल्या जुळणीच्या सोयीसाठी असतं. नव्याला रिव्हेटची गरज नाही. विंडेज ट्रेच्या नटांना २५ न्यूटन-मीटर (१८ फूट-पाउंड) पुरे. स्ट्रेनरची नळी मात्र सावकाश बसवा. ती ऑइल पंपाला एकाच एम६ बोल्टने धरलेली असते, आणि तिची ओ-रिंग हा या इंजिनातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महागात पडणारा भाग. ओ-रिंगला तेल लावा, नळी हाताने सरळ पूर्ण आत ढकला, मगच बोल्ट १२ न्यूटन-मीटरवर आवळा. बोल्टनेच नळी ओढून घेतली तर ती तिरकी शिरते, रिंग एका बाजूला चिरडते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि तेलाचा दाब का पडतो म्हणून लोक बेअरिंगं बदलत बसतात. नळीच्या कॉलरप्रमाणे रिंगची जाडी बदलते, त्यामुळे जुनी रिंग नव्या नळीला लावू नये.

स्ट्रेनर आणि तळ यांत पाव ते तीन अष्टमांश इंच जागा हवी. मोजायची रीत सोपी आहे: स्ट्रेनरच्या तोंडावर मातीचा गोळा चिकटवा, चेंबर कोरडं बसवून काढा, दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. किट जुळवलेलं असलं तरी ही पाच मिनिटं वाचवू नका.

आता चेंबरची जुळणी. पुढचं आणि मागचं कव्हर ब्लॉकला जिथे भेटतात त्या चारही कोपऱ्यांत सिलिकॉनची ५ मिलिमीटर रुंद, २० मिलिमीटर लांब रेघ. बाकी पॅकिंग कोरडंच. कव्हरं सील बदलायला काढली असतील तर ती आधी सैल ठेवा, म्हणजे चेंबरच्या काठाशी त्यांची पातळी जमवता येते. एलएसचं चेंबर नुसतं तेलाचं भांडं नाही, ते ब्लॉकला ताठपणा देतं. त्यामुळे त्याचा मागचा चेहरा ब्लॉकच्या मागच्या चेहऱ्याबाहेर अजिबात येता कामा नये. आत गेला तर जास्तीत जास्त इंचाचा शंभरावा भाग. सरळ पट्टी लावून तपासा. बाहेर आलेल्या चेंबरवर बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) आवळलं, की त्याचा बोल्टाचा कान तुटतो. ब्लॉक आणि पुढच्या कव्हरमधल्या एम८ बोल्टांना २५ न्यूटन-मीटर, मागच्या कव्हरमध्ये जाणाऱ्या दोन लांब एम६ बोल्टांना फक्त १२. या दोघांनाही बाकीच्यांसारखं आवळून कव्हरमधले आटे घालवण्याची चूक फार होते.

इंजिन स्टँडवर आहे तोवर आणखी काही भाग बदलून घ्यावेत. मागचं कव्हर उघडलंच तर ब्लॉकच्या मागच्या तोंडात डंबेलसारखा प्लग आहे का ते बघा. तो विसरला तर तेल फिल्टर न होताच पुढे जातं. पुढचं सील बदलायला बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकाची पुली) काढावा लागतो, आणि त्याचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो: जुन्या बोल्टने ३३० न्यूटन-मीटरवर बॅलन्सर बसवा, मग नवा बोल्ट ५० न्यूटन-मीटर आणि वर १४० अंश. इनटेकखालचे दोन नॉक सेन्सर (इंजिनाची ठोक ओळखणारे) आत्ताच बदला, नंतर पुन्हा सगळा इनटेक काढावा लागेल. गाडीत जुनाच टर्बो ४०० गिअरबॉक्स ठेवणार असाल तर क्रँकचा मागचा चेहरा जुन्या स्मॉल ब्लॉकपेक्षा ०.४ इंच पुढे आहे, म्हणून स्पेसर, सपाट फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी पातळ चकती) आणि लांब बोल्ट लागतात. एसीचा कॉम्प्रेसर ट्रकच्या जागी ठेवला तर तो चौकटीला लागतो. किट घेतल्याने ते सुटत नाही.

जाता जाता: सुटे भाग शोधताना ‘एलएस६’ नावाने फसू नका. १९७० च्या शेव्हेल एसएसमधलं ४५४ घन इंचाचं, ४५० अश्वशक्तीचं एलएस६ वेगळं आणि २००१ च्या कॉर्व्हेट झी-०६ मधलं एलएस६ वेगळं. दोघांचा एकही बोल्ट एकमेकांच्या कामाचा नाही.

किटमधलं उणं काय? गाडी मूळ उंचीवर असेल तर चेंबर आरामात वावरतं. पण स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली बसवली असेल, तर पोट क्रॉसमेंबरच्या खाली डोकावतंच, आणि पुण्या-मुंबईतला माणूसही ओळखेल असा तो ‘खट्’ आवाज येतो. अशा गाडीला ‘होली’ (Holley) कंपनीची ३०२ मालिकेतली चेंबरं आधी पडताळून पाहावीत. दुसरं, इंजिन जितकं पुढे बसवाल तितकं चेंबरचं पोट क्रॉसमेंबरला चिकटतं. त्यामुळे फाउंडेशनच्या पट्ट्या आणि चेंबर एकत्र ठरवा. आधी पट्ट्या वेल्ड करून मग चेंबर मागवणं म्हणजे उलटा प्रवास. गाडी चारही चाकांवर उभी करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. सेंटर लिंक आणि चेंबर यांत कुठेही पाव इंचापेक्षा कमी राहत असेल तर ते पुरेसं नाही, कारण अॅक्सिलरेटर दाबताच इंजिन फाउंडेशनवर डोलतं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी इग्निशन आणि इंधन तोडून, दाबाचा काटा हलेपर्यंत नुसता स्टार्टर मारा, दहा-दहा सेकंदांनी थांबत. गरम इंजिनाला किमान दाब मिनिटाला १००० फेऱ्यांना ६ पीएसआय, २००० ला १८ आणि ४००० ला २४ हवा. त्याहून कमी दिसला तर चेंबर उतरवून आधी ती ओ-रिंग बघा. आणि तेल मोजून ओता, फिल्टर भरेपर्यंत इंजिन चालवा, पाच मिनिटं थांबून काडी काढा. पातळी तिच्यावरच्या खुणेला जुळत नसेल तर कानसीने स्वतःची खूण करून घ्या.