स्कॉटलंडच्या सालदाराचे अन्न, नाशिकच्या पाकिटातून

एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश शेतमजुरांच्या मजुरीचा मोठा हिस्सा ओटच्या भरडीच्या रूपाने चुकता होत असे, हे वाचनात आले होते. त्यामुळे रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात ‘जात्यावर भरडलेले ओट्स’ अशी पाटी दिसताच मी एक किलोचे पाकीट विकत घेतले.

अँगस, पर्थशायर या भागांत अविवाहित नांगऱ्याला वर्षाकाठी साडेसहा बोल भरड मिळे. बोल म्हणजे १४० पौंड, तेव्हा हा हिशेब आठवड्याला सुमारे ८ किलोंवर जातो, शिवाय रोजचे दूध वेगळे. आग्नेयेकडील विवाहित मजुराला ओट, जव, वाटाणे, बटाट्यांसाठी जमीन आणि एका गाईची चराई मिळत असे. मात्र शेतावर राबायला एक बाई पुरवण्याची अटही त्याच्यावर असे, आणि घरातली मुलगी किंवा बहीण नसेल तर पदरमोड करून परकी बाई ठेवावी लागे. एकदोन खोल्यांचे घरही नोकरीपुरतेच असल्याने वर्षाचा करार संपला की मे महिन्यात सारा संसार गाडीवर लादून निघावे लागे. निफाडकडच्या आमच्या मळ्यावर सालदाराचे साल पाडव्याला ठरत असल्यामुळे ही रीत मला फारशी परकी वाटली नाही.

आता पाकिटाविषयी. एक वाटी भरड चार वाट्या पाण्यात फक्त मीठ घालून, अर्धा तास ढवळत शिजवली. थंड दूध निराळ्या वाटीत घेऊन, तिकडच्या पद्धतीप्रमाणे गरम घासाचा चमचा त्यात बुडवून खाल्ला, तेव्हा ज्वारीच्या कण्यांची आठवण झाली आणि दुपारपर्यंत भूक लागली नाही. पाकिटावर मात्र मध आणि फळे घालण्याचा सल्ला छापला आहे, तो खुशाल विसरावा.

दुसरा प्रयोग फसला. एकत्र राहणारे अविवाहित मजूर वाडग्यातील कच्च्या भरडीवर मीठ टाकून उकळते पाणी ओतीत आणि तेवढ्यावर कामाला निघत. मी तसे केले तर गुठळ्याच झाल्या, कारण पाकिटात भरड कमी आणि पीठच जास्त होते. त्याहून मोठी उणीव अशी की, स्कॉटलंडमध्ये दळण्यापूर्वी ओट भट्टीवर वाळवीत. त्याने खमंगपणा येई आणि स्निग्धांश लवकर खवट होत नसे. या भरडीला तो खमंगपणा नाही, आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात तिसऱ्याच आठवड्यात तिला कडवट वास येऊ लागला. तिकडच्या गृहिणी लाकडी पेटीत भरड दाबून दाबून भरीत आणि ती महिनोन्‌महिने पुरवीत.

दळल्याची तारीख पाकिटावर छापावी, असे मी दुकानदारांना सुचवले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि पुढचे पाकीट पुढे केले. तारीख त्यावरही नव्हती, म्हणून या वेळी मी पाव किलोच घेतले.