पैसा की पायपीट? मिशिगनच्या एका प्रायमरीतले दोन पराभव

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातावर ठेवता ठेवता मंडळातली एक मैत्रीण हळूच म्हणाली, "मिशिगनच्या विधानसभेसाठी प्रायमरीला उभी राहायचा विचार आहे. घरचे पैसे घालू की माणसं जमवू?" मिशिगन हे आमचं अमेरिकेतलं राज्य, आणि प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनी ठरवायची निवडणूक. नवरा म्हणतो, चार जाहिराती झळकल्या की काम फत्ते. मुलगी म्हणते, दारोदार फिर. गंमत म्हणजे या दोन्ही रीती २०१८ साली आमच्याच राज्यात, एकाच निवडणुकीत वापरून झाल्या आणि दोन्ही हरल्या. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

निवडणूक होती डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारीची. ७ ऑगस्टला ग्रेचेन व्हिटमर ५२ टक्के मतं घेऊन जिंकल्या. अब्दुल एल-सय्यद यांना ३० टक्के मिळाली आणि श्री ठाणेदारांना जेमतेम १८. राज्यातल्या ८३ पैकी ८३ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, व्हिटमर पुढे होत्या.

ठाणेदार आपले बेळगावचे. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, प्रयोगशाळांचा व्यवसाय, खिशात स्वतःचा पैसा. त्यातले एक कोटी डॉलरहून जास्त त्यांनी या प्रचारात ओतले. फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळीच जाहिरात टीव्हीवर आली. 'ठाणेदार' म्हणताना लोकांची कशी बोबडी वळते, हाच तिचा विनोद. ज्या आडनावाची अडचण वाटावी, त्याचंच भांडवल केलं. हे मला आजही हुशारीचं वाटतं. फळही लगेच दिसलं. वसंतातल्या काही जनमत चाचण्यांत ते व्हिटमरांच्या बरोबरीला होते, काहींत तर पुढे.

मग गाडी अडली कुठे? त्या उन्हाळ्यात मी एका स्थानिक उमेदवारासाठी डेट्रॉइटजवळच्या कँटनमध्ये दारं वाजवत होतो. एका निवृत्त शिक्षिकेने माझं नाव ऐकून विचारलं, "टीव्हीवरच्या त्या श्रीचा तू कोण लागतोस?" जाहिरात त्यांना तोंडपाठ होती. मत कोणाला, तर म्हणाल्या, "ग्रेचेनला. तिला मी ओळखते." ओळखते म्हणजे भेटल्या होत्या असं नाही. फ्रिजवर शिक्षक युनियनचं पाठिंब्याचं पत्रक चुंबकाने लावलेलं होतं, तेवढीच ओळख. पण तेवढी पुरली. जाहिरातीने चेहरा घरात पोचतो, पण "या माणसाला दे" असं सांगणारं कोणी घरात पोचत नाही. शिक्षक युनियन, ऑटो कामगारांची युनियन, डेट्रॉइटचे तेव्हाचे महापौर माइक डगन असे सगळे सांगणारे व्हिटमरांकडे होते. व्हिटमरांची बाजू टीव्हीवर उशिरा उतरली, पण उतरली तेव्हा लोक मत ठरवायच्या बेतात होते. ठाणेदारांना साधारण दोन लाख मतं पडली, म्हणजे हिशेबाने एका मतामागे पन्नास डॉलर.

आता दुसरी रीत. एल-सय्यद डॉक्टर, डेट्रॉइटच्या आरोग्य विभागाचे माजी प्रमुख, वय तेव्हा तेहतीस. कॉर्पोरेट पैसा घेणार नाही, सर्वांना सरकारी आरोग्यविमा, अशी ठाम भूमिका. कॉलेजातली पोरं त्यांच्यासाठी उन्हातान्हात फिरत होती. २०१६ मध्ये अध्यक्षपदाच्या प्रायमरीत डाव्या विचारांच्या बर्नी सँडर्सनी याच राज्यात हिलरी क्लिंटनना निसटतं हरवलं होतं, तेच मतदार परत येतील असा आडाखा होता. शेवटच्या दहा-बारा दिवसांत त्याच विचारांच्या तरुण नेत्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ येऊन गेल्या, खुद्द सँडर्सही आले. सभा दणक्यात झाल्या. पण सभेला येणारा माणूस आधीच तुमचा असतो. न आलेल्यांना गाठायला टीव्ही लागतो, आणि तो त्यांना पुरेसा परवडत नव्हता. त्यात ते मध्यंतरी न्यूयॉर्कचे मतदार होते, त्यामुळे मिशिगनमध्ये उभे राहायला पात्र आहेत का, हा वाद महिनोनमहिने चालला. शेवटी निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण तोवर वेळ आणि वर्तमानपत्रांचे रकाने त्यातच गेले.

इथे आपल्याकडचा लाडका शब्द कोणीतरी काढतंच: मतविभागणी. नाही. दोघांची मतं एकत्र केली तरी ४८ टक्क्यांच्या आतच राहतात.

माझ्या मते दोघांची खरी चूक रीतीत नव्हती, आखाड्यात होती. मतपत्रिकेवर तीनच नावं, सगळं राज्य मतदारसंघ, आणि समोर एक असा उमेदवार ज्याच्यामागे पक्षाची संघटना एकवटलेली. अशा वेळी निम्म्याच्या आसपास मतं लागतात, आणि ती ना नुसत्या जाहिरातीने मिळतात ना नुसत्या चपला झिजवून.

पुढे काय झालं पाहा. ठाणेदारांनी रीत तीच ठेवली, आखाडा बदलला. अॅन आर्बर सोडून डेट्रॉइटला राहायला गेले, २०२० मध्ये तिथून विधानसभेत गेले, आणि २०२२ मध्ये १३ व्या मतदारसंघातून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या प्रायमरीत उतरले. नऊ उमेदवार होते. इथे दुसरी फेरी नसते. सगळ्यांत जास्त मतं ज्याची, तो जिंकला. एकाच कृष्णवर्णीय उमेदवारामागे सगळ्यांनी उभं राहावं म्हणून डेट्रॉइटच्या नेत्यांनी खटपट केली, ती फसली. ठाणेदार साधारण २८ टक्क्यांवर जिंकले. राज्यभर १८ टक्क्यांवर तिसरे आलेले गृहस्थ २८ टक्क्यांवर खासदार. एल-सय्यदांनी मात्र आखाडा राज्याचाच ठेवलाय. २०२६ च्या अमेरिकी सेनेटच्या उमेदवारीसाठी ते त्याच धाटणीने उतरले.

मैत्रिणीचा मामला याहून बराच लहान आहे. विधानसभेच्या ११० जागा, म्हणजे एका मतदारसंघात नव्वद हजारांच्या आसपास माणसं, आणि प्रायमरी काही हजार मतांत आटोपते. एवढ्यासाठी डेट्रॉइटच्या टीव्हीवर जाहिरात म्हणजे परसातल्या अळूला धरणाचं पाणी. तुमची जाहिरात बघणाऱ्यांतले बहुतेक तुमचे मतदारच नसतील. मुलीची पायपीट इथे खरंच चालते. नवऱ्याचा पैसा घालायचाच तर पत्रकांत आणि टपालात घाला, तोही लवकर, कारण टपालाने मत देणारे ऑगस्टची वाट बघत बसत नाहीत. पण नऊ जण उभे राहणार की दोघंच, हे कळेपर्यंत अर्जाच्या शुल्कापलीकडे घरचा एक डॉलरही काढू नका. दोघंच असतील आणि दुसऱ्यामागे युनियन असेल, तर यंदा त्याच्यासाठीच दारं वाजवा आणि पुढच्या खेपेला बघा.

आणि कागद. २०२२ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरपदाच्या प्रायमरीतून पाच उमेदवार बाद झाले, कारण उमेदवारी अर्जासाठी पैसे देऊन गोळा केलेल्या मतदारांच्या सह्या बनावट निघाल्या. विधानसभेला दोनशे सह्या लागतात, किंवा सह्यांऐवजी शंभर डॉलर भरले तरी अर्ज घेतात. मैत्रीण म्हणाली, "सह्यांच्या निमित्ताने लोक भेटतात ना!" म्हटलं, भेट हवं तितकं. चेक मात्र आधी लिही.