लोखंडी खुराडं, ५ बाय ३ चं: सव्वा वर्ष वापरून मग लिहितेय

बरेच जण विचारतात की तुमचं ते हिरवं खुराडं कुठून घेतलं, कसं आहे, घ्यावं का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते. आम्ही मखमलाबादला राहतो, रो हाऊस आहे, मागे साधारण १२ बाय २० ची मोकळी जागा, तिथे एक शेवगा, कढीपत्ता, दोन पपया. सासरे गेल्यावर सासूबाई दिंडोरीकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या, त्यांचा अख्खा जन्म कोंबड्यांमागे गेलेला, इथे आल्यावर दिवसभर नुसत्या बसून राहायच्या. एकदा म्हणाल्या, "चार तलंगा आण गं, माझं मन रमेल." तलंगा म्हणजे तरुण कोंबड्या. तिथून हे सुरू झालं.

गावाकडे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रात्री डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, कोंबड्या झाकायच्या आणि वर दगड ठेवायच्या, पण इथे मागच्या भिंतीवरून रात्रभर बोके फिरतात, म्हणून पक्कं खुराडं हवं होतं. नाशिकमधल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडे तयार मिळालं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण याच डिझाइनची खुराडी शहरात बरेच जण बनवतात आणि चुका थोड्याफार त्याच असतात. मागच्या वर्षी संक्रांतीच्या आधी घेतलं, १३,५०० रुपये, छोटा हत्तीचं भाडं त्यातच. ५ फूट लांब, ३ फूट रुंद, दीड फुटाच्या पायांवर उभं, वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी, खाली तारेचा तळ आणि त्याच्याखाली विष्ठेसाठी सरकता ट्रे, एका बाजूला अंड्यांचे तीन कप्पे, सोबत निपल (चोच मारली की पाणी येतं ती छोटी तोटी) लावलेली पाण्याची बादली. एक आधीच सांगते, घराच्या बाजूचा बोळ मोजून मग ऑर्डर द्या. आमचा बोळ अडीच फुटांचा, खुराडं ३ फुटांचं, शेवटी शेजारच्यांच्या गच्चीवरून चार माणसांनी दोर बांधून खाली उतरवलं.

दुकानात सांगितलं होतं की १५ कोंबड्या आरामात राहतील. हे अजिबात खरं मानू नका. ५ गुणिले ३ म्हणजे १५ चौरस फूट, म्हणजे एका कोंबडीला एक फूट. एक फुटाचा हिशोब ब्रॉयलरचा आहे, तो पक्षी ४०-४२ दिवसांत विकला जातो, अंड्यावरची कोंबडी वर्षानुवर्षं राहते, तिला किमान दोन फूट तरी लागतात आणि पावसाळ्यात दिवसदिवस आत बसावं लागलं तर तेही कमीच. गर्दी झाली की एकमेकींची पिसं उपटतात, एकदा रक्त दिसलं की बाकीच्या त्याच जागी टोचत राहतात. आमच्या ६ आहेत, ३ गावरान आणि ३ आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, मूळ अमेरिकेची जात, तपकिरी अंडी देते. ६ ला हे खुराडं बरोबर होतं, ७ वर मी जाणार नाही.

आता मुख्य गोष्ट, जाळी. खुराड्याला जी जाळी लावून आली ती षटकोनी भोकांची, हार्डवेअरच्या दुकानात कोंबडी जाळी म्हणून मिळते तीच. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही, हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता. आईंनी पहिल्याच दिवशी जाळीतून दोन बोटं आत घालून दाखवली होती, "अगं, माझी बोटं जातात, बोक्याचा पंजा जाणार नाही का?" मी म्हटलं आई, लोखंडाची आहे, काही होत नाही. माझं चुकलं.

ऑगस्टमधली गोष्ट, रात्रभर पाऊस होता, पत्र्यावर इतका आवाज की आतल्या खोलीत काही ऐकू आलं नाही. सकाळी साडेपाचला आई दार उघडायला गेल्या आणि तिथूनच मला हाक मारली. भुरी नावाची आमची गावरान कोंबडी कोपऱ्यात उभी होती, पंख खाली लोंबत होता, आणि जाळीच्या बाहेरच्या बाजूला भुरी पिसं ओल्या तारेला चिकटलेली. रात्री ती जाळीला टेकून झोपली असणार, बोक्याने बाहेरून पंजा घालून पंख धरला आणि भोकातून ओढत राहिला. बाकीच्या पाचजणी दुसऱ्या टोकाला एकमेकींवर चढून बसलेल्या. आम्ही जखम धुतली, आयोडीनचं औषध लावलं, टोपलीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पण तिने दाणा तोंडात घेतला नाही. आई दोन दिवस तिला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजत होत्या, तिसऱ्या दिवशी गेली. शेवग्याखाली पुरली. आईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही.

त्यानंतर सगळी जाळी काढून अर्धा इंच चौकोनाची वेल्डमेश लावून घेतली, जिचे जोड वेल्डिंगचे असतात आणि ओढली तरी भोक मोठं होत नाही. दुकानदाराला फोन केला तेव्हा आधी दोनदा उद्या-परवा झालं, मग आठवड्याने त्याने माणूस पाठवला, जाळीचे पैसे माझे, मजुरी त्याने घेतली नाही. हे चांगलं वागणं झालं, त्याबद्दल तक्रार नाही, पण मुळात हीच जाळी पहिल्यापासून लावायला हवी होती आणि हजार-पाचशे जास्त सांगितले असते तरी मी दिले असते. दाराची कडीही बदलली. आधीची साधी आडवी कडी होती, कुत्र्याने धडका दिल्या की सरकायची, आता वर-खाली दोन कड्या आणि एकीत छोटं कुलूप. जाळी, कड्या, पुढे सांगते ती दांडी, सगळं मिळून ३,२०० वर गेलं. नंतर एकीच्या जागी एक तलंग आणली तेव्हा परत सहा झाल्या.

दुसरी चूक डिझाइनचीच आहे आणि ती मला तरी कुणी सांगितली नव्हती. कोंबडी झोपायला नेहमी सगळ्यात उंच जागा बघते, झाडावर झोपायची तिची मूळ सवय. या खुराड्यात बसायची दांडी तळापासून जेमतेम वीतभर आणि अंड्यांचे कप्पे त्याच्या वर. मग काय होणार, सगळ्या जणी कप्प्यात झोपायला लागल्या, सकाळी कप्पे घाणीने भरलेले, अंडी बरबटलेली, रोज पेंढा बदला. शिवाय दांडी गोल लोखंडी पाइपची, पाय घसरतो आणि हिवाळ्यात गार पडते, इथली थंडी तुम्हाला माहीतच आहे, निफाडला पारा उतरला की इकडेही सकाळी हात बधिर होतात. मी सुताराकडून दोन इंच रुंद लाकडी पट्टी कडा घासून गोल करून घेतली आणि कप्प्यांच्या हातभर वर बसवली. दुसऱ्या रात्रीपासून सगळ्या वर बसायला लागल्या, पोटाखाली पाय झाकून, पंखांत माना घालून, इतक्या शहाण्यासारख्या बसतात की मी रोज झोपायच्या आधी टॉर्च घेऊन एक चक्कर मारते.

तारेचा तळ साफसफाईला सोपा पण कायम तारेवर उभं राहून तळपायाला फोड येतात, एकीला आला होता. म्हणून अर्ध्या भागात प्लाय टाकून त्यावर भाताचं तूस पसरलंय, घोटीकडच्या राइस मिलमधून गोण्या भरून मिळतं. ओलं झालं की लगेच हलवायचं नाहीतर अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, आपल्याला त्रास होतो म्हणजे त्यांना किती होत असेल.

चांगलं काय ते पण मनापासून सांगते. पाय दीड फुटाचे आहेत त्यामुळे घूस खालून पोखरून आत येऊ शकत नाही, आणि खालची सावली कोंबड्यांना दुपारी उपयोगी पडते, तिथेच राख आणि मातीची पाटी ठेवलीय, त्यात लोळतात, उवा कमी होतात. लोखंडाला लाकडासारख्या फटी नसतात, त्या लाल बारीक किडी दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यांना इथे लपायला फार जागा नाही, सव्वा वर्षात एकदाही झाल्या नाहीत. आणि निपलची बादली तर सगळ्यात भारी. दोन दिवसांत चोच मारायला शिकल्या, पाण्यात घाण पडत नाही. बोअरच्या पाण्याने क्षार बसून निपल अडकतात, महिन्यातून एकदा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवते. बादली पांढरी होती, उन्हाने आत शेवाळ यायचं, बाहेरून काळा रंग मारला, बंद झालं.

पत्र्याचं मात्र बघावं लागतं. मागच्या मे महिन्यात ४० च्या आसपास तापमान गेलं तेव्हा दुपारी पत्र्याला हात लावता येत नव्हता. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडी ठेवून धापा टाकत राहते, पंख अंगापासून लांब धरते, ते बघवत नाही. द्राक्षबागेत वापरतात ती जुनी शेडनेट पत्र्याच्या वीतभर वर ताणून बांधली आणि पत्र्यावर ओली गोणपाटं. थंडीत उलट गोष्ट, थंडी त्या सहन करतात, पण ओल आणि अंगावर येणारा वारा नाही, म्हणून उत्तरेच्या बाजूला रात्री पडदा सोडते, वरची चार बोटं फट उघडी ठेवून.

खुराड्याबरोबरचे अंड्यांचे कप्पे मी आता वापरतच नाही. द्राक्षाचे दोन जुने प्लॅस्टिक क्रेट आडवे टाकले, समोर चार बोटं उंचीची पट्टी लावली, आत पेंढा, चार-पाच कोंबड्यांना एक क्रेट पुरतो. खाद्यासाठी चार इंची पीव्हीसी पाइपला खाली एल्बो लावून फीडर केला, सांडणं निम्म्यावर आलं. एका कोंबडीला दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम लागतं, सहाजणींचं महिन्याला २० किलो, त्यातलं थोडं भाजीचे देठ, कणी आणि टबात वाढवलेल्या ॲझोलावर (पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती) भागतं. अंड्यांची टरफलं आई उन्हात वाळवून, तव्यावर गरम करून खलबत्त्यात कुटतात आणि शिंपल्याच्या चुऱ्यात मिसळून वेगळ्या वाटीत ठेवतात, ज्या कोंबडीला हवं ती येऊन खाते. ट्रेमधलं खत ताजं झाडाला घालू नका, झाड जळतं. वाळलेल्या पानांच्या थरांत तीन-चार महिने कुजवून मग घालतो, पपईला यंदा जी फळं लागलीत ती येऊन बघा.

पैसे वाचतील म्हणून घेत असाल तर घेऊ नका. गावरान वर्षाला ६०-८० अंडी देते, आरआयआर दोनशेच्या पुढे, पण पिसं गाळताना आणि दिवस लहान झाले की थांबतात, मग विकत आणावी लागतात. आम्हाला अंड्यांपेक्षा सकाळी आईंचं दार उघडायला जाणं आणि त्यांच्याशी बोलत बसणं जास्त मोलाचं वाटतं. कोंबडा ठेवला नाही, शेजाऱ्यांची झोप मोडायची नाही, आणि अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही, तो पिल्लांसाठी लागतो. नवीन पक्षी आणाल तेव्हा राणीखेत आणि देवी या कोंबड्यांच्या रोगांची लस झालीय का विचारा आणि दोन आठवडे वेगळे ठेवूनच मग आत सोडा.

मी ५ पैकी साडेतीन देते. सांगाडा मजबूत, रंग डावी बाजू सोडली तर अजून टिकून, पायांना फक्त विटांवर ठेवा म्हणजे गंज लागत नाही. ऑर्डर देताना एवढं लिहूनच द्या: अर्धा इंची वेल्डमेश, दोन कड्या, लाकडी दांडी कप्प्यांच्या वर, आणि अर्धा तळ प्लायचा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरीकडे जा.

डाव्या बाजूचा रंग उडालाय, तो तिथला एक क्रेट सरकवल्याशिवाय मारता येत नाही. त्यात एक कोंबडी खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने, बसलीय. उन्हाळ्यात अंडी खराब होतात म्हणून बसवू नये म्हणतात, पण ती काही केल्या उठेचना, मग आईंनी गावाहून नऊ अंडी मागवली आणि तिच्याखाली ठेवली. आज बारावा दिवस आहे, एकविसावा पुढच्या आठवड्यात गुरुवारी येतो. तोपर्यंत त्या बाजूला कुणी हात लावायचा नाही अशी आईंची ताकीद आहे.